दुसरा खटका

पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा गाडीने 'टक्' असा आवाज केला. दुसऱ्यांदा फिरवली, पुन्हा 'टक्'. तिसऱ्यांदा तेवढंही नाही. समोरचे दिवे, पाहुण्यांना कंटाळलेल्या माणसाने डोळे मिटावेत तसे हळूहळू मिटले.

मी खिशातून वही काढून लिहिलं: तारीख, वेळ नऊ चाळीस, हवा कोरडी, आवाज दोन, दिवे मंद होत विझले. मी एका दैनिकात काम करतो. रोज रात्री ठरलेल्या मिनिटाला एक पान बिनचूक छपाईला सोडायचं, हे माझं काम. त्यातलं 'ठरलेल्या मिनिटाला' मला गेली सव्वीस वर्षं जमत आलं आहे.

गाडी एकवीस वर्षांची आहे. नोंदणीपुस्तकात तिचा रंग 'मोतिया पांढरा' लिहिलेला आहे. आत्ताच्या रंगाला पुस्तकात शब्द नाही. ती काढून टाका असं मला बरेच जण सांगतात. पण चालकाशेजारचं तिचं दार जवळजवळ काटकोनात उघडतं आणि आतली सीट जेवणाच्या खुर्चीच्या उंचीची आहे. माझे वडील ब्याऐंशी वर्षांचे, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, वॉकर धरून चालणारे. या सीटवर ते आधी पाठमोरे बसतात आणि मग एकेक पाय आत घेतात. मेहुण्याच्या नव्या कोऱ्या गाडीत त्यांना बसवून पाहिलं, तर अर्धे आत आणि अर्धे बाहेर असे ते सतरा मिनिटं अडकून होते. (वेळ मी लावली होती.) टॅक्सीतही तेच. म्हणजे ही गाडी गेली तर वडिलांचा गुरुवार गेला.

गुरुवार माझ्या सुटीचा. त्या दिवशी मी वडिलांना आत्याकडे नेतो. आत्या त्यांची मोठी बहीण, वय अठ्ठ्याऐंशी. कंबरेचं हाड मोडल्यापासून ती पहिल्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खिडकीशी लावलेल्या पलंगावर असते. चार ते सात दोघं पत्ते खेळतात आणि भांडतात. दोघांनाही नीट ऐकू येत नाही, त्यामुळे भांडण फार समाधानकारक होतं. आपणच जिंकलो असं वाटून दोघंही उठतात.

आत्या शाळेत मुख्याध्यापिका होती. निवृत्त झाली तेव्हा शाळेने सगळं ठेवून घेतलं, लाल पेन्सिल तेवढी तिच्याकडे राहिली. त्या पेन्सिलीने ती रोज आमचं वर्तमानपत्र तपासते आणि आठवड्याचे सात अंक सुतळीने करकचून बांधून गुरुवारी माझ्या हातात ठेवते. त्यात खाडाखोड असते, प्रश्नचिन्हं असतात, समासात सूचना असतात. बरोबर लिहिलेल्यावर मात्र ती कधीच खूण करत नाही. शाळेतही करत नसे. बरोबर लिहिणं हे मुलांचं कामच आहे, त्याला खूण कशाला, असं तिचं म्हणणं.

पूर्वी हा गठ्ठा मी घरी आणायचो आणि वडील जेवताना त्यातल्या चुका मोठ्याने वाचून दाखवायचे. एवढं मी सोसलं. पण नुकतंच माझ्या पानावर शहराचं कमाल तापमान अडतीसऐवजी तीनशे ऐंशी अंश छापून गेलं. दशांशचिन्ह कुठे गेलं त्याचा तपास कार्यालयात अजून चालू आहे. आत्याने त्या आकड्याला गोल करून शेजारी लिहिलं होतं, 'मी अजून जिवंत आहे.' वडिलांनी ते वाचलं तेव्हा नेमके वरच्या मजल्यावरचे मॅनेजर आमच्याकडे बसले होते. ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

त्या दिवसापासून मी गठ्ठा घरात आणणं बंद केलं. आत्याकडून घ्यायचा, गाडीच्या डिकीत मागच्या कडेला कोंबायचा, झाकण आपटायचं आणि मागे वळूनही बघायचं नाही. शनिवारी सकाळी रद्दीवाला येतो; सुतळी न सोडताच तो त्याच्या काट्यावर. माणसाला काही मानअपमान असतो.

तर गाडी बंद पडली. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून करंट घ्यायच्या दोन जाड केबली माझ्याकडे आहेत, पण त्या डिकीत असतात. आणि आमच्या सोसायटीत 'सर्व वाहने तोंड बाहेर व पाठ भिंतीकडे करून लावावीत' अशी पाटी आहे. सेक्रेटरींचा आरसा कोणीतरी मागे घेताना तोडला, तेव्हापासूनची. गाडी भिंतीला इतकी टेकलेली असते की डिकी उघडायची तर आधी गाडी पुढे घ्यावी लागते, आणि गाडी पुढे घ्यायची तर ती सुरू व्हावी लागते. हा पेच मी सेक्रेटरींपुढे मांडला. ते म्हणाले, "लेखी द्या."

शेवटी वॉचमन, दूधवाला आणि मी अशा तिघांनी गाडी चार हात ढकलली. मी डिकी उघडली, गठ्ठा रद्दीवाल्याला दिला, त्याखालच्या केबली काढल्या. एवढ्यात मॅनेजर खाली आले. हे बँकेतून निवृत्त झालेले आहेत आणि आयुष्यभर लोकांचे अर्ज नाकारल्यामुळे आता सल्ला मात्र कोणालाही नाकारत नाहीत.

"बॅटरी," ते बॉनेटमध्ये न बघताच म्हणाले. "किती वर्षांची?"

"चार."

"मग संपली. आमच्या मेव्हण्याचीही चार वर्षांनी गेली."

"बॅटरी?"

"बॅटरीच हो. मेव्हणा ठणठणीत आहे."

त्यांच्या गाडीतून करंट घेऊन आमची सुरू झाली. मी तडक जाऊन नवी बॅटरी बसवली. पाच दिवस गाडी जागेवर उभी राहिली आणि गुरुवारी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. आत्याकडे जाऊन आलो. वहीत लिहिलं: प्रश्न मिटला.

पुढच्या शनिवारी अकरा वाजता वाहन कार्यालयात गाडीची तपासणी होती. जुन्या गाडीला रस्त्यावर राहायचं असेल तर ठरावीक वर्षांनी ती तिथे नेऊन दाखवावी लागते, आणि जुन्या गाड्या ते फक्त शनिवारी बघतात. मी दहाला खाली उतरलो, किल्ली फिरवली. 'टक्.'

नवी बॅटरी! मी वहीतलं 'प्रश्न मिटला' खोडलं. वॉचमन न बोलावताच ढकलायला आला. दूधवाला आमच्या मजल्यावर दूध न टाकता निघून गेला.

गाडी सुरू होईपर्यंत साडेअकरा वाजले. मी धावतपळत कार्यालयात पोचलो तेव्हा खिडकी क्रमांक चारवरच्या कारकुनाने घड्याळाकडे पाहिलं. "तुमची वेळ अकरा. आता गैरहजेरीचा अर्ज भरा."

"मी हजर आहे."

"तुमच्या हजेरीचं काय करू? गाडी गैरहजर होती."

"ती बंद पडली होती. पुढच्या वेळी ओढून आणली तर चालेल?"

"चालेल की. तपासणी ओढणाऱ्या गाडीची होईल."

अर्जावर गैरहजेरीची तीनच कारणं छापलेली होती: आजारपण, निधन, परगाव. मी विचारलं, "निधन लिहू?"

"कोणाचं?"

"बॅटरीचं."

तो हसला नाही. "परगाव लिहा," म्हणाला. मी 'परगाव' लिहिलं. सव्वीस वर्षांत जाणूनबुजून खोटं लिहिण्याची माझी ही पहिली वेळ, आणि तेही सरकारी कागदावर.

त्या दुपारी मी गाडी वायरमनकडे नेली. गाड्यांची वीज बघणारा म्हणून याचं मोठं नाव. कमी बोलतो आणि बोलतो तेव्हा गाडीशी बोलतो. त्याने इंजिन चालू ठेवून बॅटरीला मीटर लावला.

"चौदा पॉइंट दोन," तो गाडीला म्हणाला. "चार्जिंग झकास आहे तुझं. मग रडतेस कशाला?"

"म्हणजे बिघाड नाहीच?" मी विचारलं.

"साहेब, टाकीत पाणी भरतंय व्यवस्थित. पण सकाळी टाकी रिकामी. म्हणजे कुठेतरी नळ चालू राहतोय. गाडी बंद असताना कोणीतरी करंट खातंय."

मग त्याने इंजिन बंद केलं, बॅटरीची एक तार सोडवून मधे मीटर जोडला आणि काटा बघत उभा राहिला. काहीतरी करंट खात असलं तर काटा वर राहतो. मग एकेक फ्यूज काढायचा, आणि ज्या फ्यूजला काटा खाली येईल त्या वाटेवर चोर सापडतो, असं त्याने मला सांगितलं. पण काटा मुळात वर गेलाच नाही. त्याने तरी सगळे फ्यूज काढून पाहिले, पुसले, परत बसवले.

"चोर घरात नाही साहेब."

"मग करंट जातो कुठे?"

"येऊन जाऊन असेल," वायरमन म्हणाला आणि विडी ओढायला बाहेर गेला.

गाडी त्याने बुधवारपर्यंत ठेवून घेतली. रोज सकाळी सुरू व्हायची. बुधवारी मला परत देताना तो जरा संशयाने बघत होता. गाडीकडे नाही, माझ्याकडे. "माझ्याकडे तर गुणी मुलीसारखी राहिली. तुमच्या घरी काही होतं का तिला?"

गुरुवारी आत्याकडे जाऊन आलो. शनिवारी तपासणीची दुसरी तारीख. 'टक्.'

त्या सकाळी मी कोणाला काय बोललो ते वहीत नोंदवलेलं नाही. नेहमीप्रमाणे ढकलणं, डिकी, गठ्ठा रद्दीवाल्याला, केबली, मॅनेजरांची गाडी. मॅनेजर करंट द्यायला आता सरावले होते. घरच्या कपड्यांत, चहाचा कप घेऊनच ते खाली आले. "आमच्या गाडीवर तुमच्या गाडीचं पालनपोषण चाललंय," ते येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते.

खिडकी चारवर मी काही बोलायच्या आतच कारकुनाने अर्ज पुढे सरकवला. "पुन्हा परगाव?"

"हो."

"फार फिरते तुमची गाडी. पुढचा शनिवार शेवटचा. त्या दिवशी अकराला ती स्वतःच्या चाकांवर इथे दिसली नाही तर फाईल बंद, नोंदणी रद्द. मग ती थेट भंगारात."

घरी आल्यावर मी हे वडिलांना सांगितलं. म्हणजे एका कागदावर लिहून दाखवलं. वडिलांना कानाचं मशीन आहे, पण सेल संपू नयेत म्हणून ते बंद ठेवतात. कागद वाचून ते म्हणाले, "असू दे. गाडीनेही किती करायचं. ताईशी मी फोनवर बोलत जाईन."

थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाले, "तिला ऐकू येत नाही, मला ऐकू येत नाही. फोनवर आम्ही काय करणार, बघू."

मी उठलो आणि खाली गेलो. गाडी अजून भिंतीपासून पुढेच होती. सेक्रेटरी तिच्याभोवती चकरा मारत होते. मॅनेजरही होते.

"मी विचार केला," मॅनेजर म्हणाले, "डिकीतला दिवा. डिकी उघडली की लागतो, बंद केली की विझतो. पण विझतो कशावरून? आपण फ्रिजबद्दलही तेच धरून चालतो. कोणी आत बसून बघितलंय?"

हे वाक्य त्यांनी सहज टाकलं. पण माझ्या मनात ते रुतून बसलं. कोणी पाहिलंय? आमच्या धंद्यात हा पहिला प्रश्न. ऐकीव माहितीवर मी आगीची बातमीही सोडत नाही. डिकी उघडल्यावर दिवा लागत होता, ते मी पाहिलं होतं. बंद केल्यावर विझतो, हे मी एकवीस वर्षं ऐकीव माहितीवर मानत आलो होतो.

संध्याकाळी पाच वाजता, सोसायटीत फारसं कोणी नसताना, मी वडिलांना खुर्चीवर गाडीमागे बसवलं आणि त्यांच्या हातात डिकीची किल्ली दिली. खुणा करून समजावलं: मी आत जातो, झाकण लावा, मी दोनदा ठोकलं की उघडा. वडिलांनी मान डोलावली. ते समजल्यावरही तशीच मान डोलावतात आणि न समजल्यावरही.

मी बावन्न वर्षांचा आहे आणि माझा बांधा बैठ्या कामाचा आहे. आधी गुडघे, मग डोकं, मग उरलेला मी, अशा क्रमाने आत शिरलो. स्टेपनी बरगडीत रुतली. वडिलांनी झाकण दाबलं. 'खट्'. दिवा चालू. त्यांनी पुन्हा दाबलं. 'खट्'. दिवा विझला.

विझला! काळोखात मला जो आनंद झाला तो खरं म्हणजे व्हायला नको होता, कारण याचा अर्थ आणखी एक संशयित सुटला होता. पण बातमी पक्की झाली होती, स्वतःच्या डोळ्यांनी. मी चाचपडत वहीत लिहिलं: झाकणाचे खटके दोन, पहिल्याला दिवा चालू, दुसऱ्याला बंद, दिवा निर्दोष. मग दोनदा ठोकलं.

काही झालं नाही. मी चारदा ठोकलं. मग मोजणं सोडलं.

बाहेर वडिलांचा आवाज येत होता. ते कोणाला तरी सांगत होते, "गाडीचं काम चाललंय. मुलगा आत आहे."

"कुठे आत?" हा सेक्रेटरींचा आवाज.

"हो, फार जुनी गाडी," वडील म्हणाले.

मी ओरडलो. सेक्रेटरी किंचाळले. पुढची काही मिनिटं बाहेर पळापळ झाल्याचं मला ऐकू आलं. गाडीत कोणीतरी कोंडलंय, ही खबर पहिल्या मजल्यापर्यंत पोचेस्तोवर मी माणूस होतो. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा मी चोर झालो होतो. वॉचमनने झाकणावर काठी आपटून मला दम दिला, "हलू नको आतमध्ये!" हलायला जागा असती तर मी तो हुकूम मोडून दाखवला असता.

एवढ्यात माझ्या बायकोचा आवाज आला. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते आणि जगातल्या कुठल्याच गोष्टीने दचकत नाही. "बाबा, किल्ली द्या," ती म्हणाली. झाकण उघडलं. उजेडात मला आधी ती दिसली, मग मॅनेजर, सेक्रेटरी, काठी धरलेला वॉचमन आणि वरच्या गॅलऱ्यांतली एकूण अकरा माणसं.

"अहो," ती म्हणाली, "हे काय?"

"दिवा विझतो की नाही बघत होतो."

"मोबाईलचा व्हिडिओ चालू करून मोबाईल आत ठेवायचा ना."

गॅलरीत कोणीतरी टाळी वाजवली. मी बाहेर पडलो, शर्ट झटकला आणि कोणाकडेही न बघता जिना चढलो. नंतर चार दिवस दूधवाला पिशवी ठेवून विचारत होता, "साहेब घरात आहेत की डिकीत?"

पुढचा गुरुवार आला. पाच दिवस उभी राहिलेली गाडी नेहमीप्रमाणे सुरू झाली. त्या दिवशी बहीणभावांचं भांडण झालं नाही. वडिलांनी आत्याला गाडीचं काही सांगितलं नव्हतं, पण ते तिला प्रत्येक डाव जिंकू देत होते आणि ती पत्ते खाली ठेवून त्यांच्याकडे संशयाने बघत होती. निघताना तिने माझ्या हातात गठ्ठा दिला आणि तो हाताने दोनतीनदा थोपटला. मी 'हो हो' म्हणालो, खाली येऊन तो डिकीत कोंबला, वॉकर ठेवला, झाकण आपटलं. घरी आल्यावर वडिलांचा वॉकर काढून दिला, झाकण पुन्हा आपटलं आणि सोसायटीच्या नियमानुसार गाडीची पाठ भिंतीला लावली.

शुक्रवारी सकाळी, कामावर जायच्या आधी, बायकोने माझी वही मागितली.

"कशाला? त्यात सगळं आहे."

"म्हणूनच."

ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वही वाचू लागली. हवा, वेळ, व्होल्ट, आवाजाचा प्रकार, वायरमनची विधानं, साक्षीदार. अधूनमधून तिने मान हलवली. मला वाटलं, कौतुकाने.

"तारखा आहेत," ती म्हणाली. "वार कुठे आहेत?"

"तारखेवरून वार कळतो."

"कळतो ना? मग कोणते वार आहेत?"

मी बोटांवर मोजले. तिन्ही शनिवार निघाले. "साहजिक आहे," मी म्हणालो. "मी गाडी गुरुवार आणि शनिवार, दोनच दिवस काढतो."

"बरोबर. शनिवारपासून गुरुवारपर्यंत पाच दिवस उभी राहते आणि सुरू होते. गुरुवारपासून शनिवारपर्यंत दोन दिवस उभी राहते आणि मरते." तिने वही मिटली. "हा एखाद्या पेशंटचा रिपोर्ट असता तर मी विचारलं असतं, गुरुवारी बाहेर काय खाऊन येतो हा?"

जगाच्या बातम्या मी वाचून सोडतो. स्वतः लिहिलेली ही एकच वही होती आणि ती मी एकदाही वाचली नव्हती.

"गुरुवारी गाडीत असं काय असतं, जे शनिवारी नसतं?" तिने विचारलं.

"काही नाही. बाबा असतात, वॉकर असतो. दोन्ही घरी उतरतात." मी थांबलो. "आणि आत्याचा गठ्ठा."

"तो कुठे असतो?"

"डिकीत."

"शनिवारी?"

"केबली काढायच्या आधी रद्दीवाल्याला देतो."

ती चप्पल घालून निघाली आणि मी किल्ली घेऊन तिच्या मागे.

गाडी कशीबशी सुरू झाली. आवाजावरून आणखी काही तासांची सोबती होती. मी ती भिंतीपासून पुढे घेतली. दोघं मागे गेलो. झाकण बंद होतं, म्हणजे बंद वाटत होतं. बायकोने खाली वाकून कडेकडे बोट दाखवलं. फटीत एक बारीक पिवळी रेघ होती.

मी झाकण उघडलं. सुतळीने बांधलेले सात अंक मागच्या कडेला उभे, वर पुरवण्यांचा फुगवटा. बायकोने झाकण लावलं. 'खट्.' तिने दाबून पाहिलं. गठ्ठा दबला, परत फुगला. दुसरा खटका आलाच नाही. त्याच खटक्याची नोंद मी स्वतः, आडवा पडून, अंधारात, माझ्या हस्ताक्षरात करून ठेवली होती: पहिल्याला दिवा चालू, दुसऱ्याला बंद.

दिवा निर्दोष होता. वायरमन बरोबर होता, चोर येऊन जाऊन होता. गुरुवारी त्याला आणायचो मी आणि शनिवारी तपासाआधी घालवायचोही मीच.

"हा घरात आणला असता तर?" बायको म्हणाली. तिने आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. मी गठ्ठा उचलला, झाकण लावलं. खट्, खट्. मग त्या चुकांचं ओझं छातीशी धरून दोन मजले चढलो. मधे मॅनेजर भेटले. "आज किती अंश?" त्यांनी विचारलं.

स्वयंपाकघरात मी सुतळी सोडली. सगळ्यात खाली मागच्या शुक्रवारचा अंक होता. माझ्या पानावर दोनच चुका होत्या, आणि त्या मान्य आहेत. पण समासात, वरपासून खालपर्यंत, लाल पेन्सिलीने आत्याचं ताठ अक्षर होतं:

'तुझ्या गाडीच्या डिकीचं झाकण नीट लागत नाही. फटीतून उजेड दिसतो. तुम्ही वळेपर्यंत मी दर गुरुवारी खिडकीतून बघत असते. दिवा असा चालू राहिला तर बॅटरी उतरेल. तुला सांगून ऐकू येत नाही, म्हणून लिहिते आहे. तिसऱ्यांदा लिहिते आहे.'

बायकोने ते वाचलं आणि माझ्यासाठी चहा टाकला. वडिलांनी भिंग घेऊन वाचलं आणि पुन्हा वाचलं. "वळेपर्यंत बघते?" ते म्हणाले. "मला वाटायचं, मी उठलो की ती झोपते."

मग त्यांनी मशीन चालू केलं, जे ते सहसा करत नाहीत, आणि विचारलं, "उद्या किती वाजता आहे तपासणी?"

शनिवारी पावणेअकराला आम्ही खिडकी चारसमोर होतो. वडील हट्टाने आले होते. गाडी आवारात स्वतःच्या चाकांवर उभी होती, इंजिन चालू ठेवून, कारण माझा अजून विश्वास बसत नव्हता. तपासनीस तिच्याभोवती फिरला, दिवे पाहिले, हॉर्न वाजवला, सगळ्यात शेवटी डिकी उघडली. दिवा लागला. त्याने झाकण लावलं. खट्, खट्.

"झाकण मस्त लागतं हो," तो म्हणाला. मी मान खाली घातली. कारकुनाने शिक्का मारला. "परगावाहून आली एकदाची."

त्यानंतरच्या गुरुवारी बहीणभाऊ पूर्वीसारखे कडकडून भांडले. सातला आम्ही खाली आलो. गठ्ठा मी यावेळी मागच्या सीटवर ठेवला. वडिलांना बसवलं. मग मागे जाऊन डिकीचं झाकण उघडलं आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं नीट लावून दाखवलं. खट्, खट्. वर पाहिलं. आत्या खिडकीत उशांना टेकून बसली होती. तिने लाल पेन्सिल उचलली आणि हवेत खाली आणून वर नेली. बरोबरची खूण! जी तिने चाळीस वर्षांत कोणाच्या वहीवर काढली नव्हती, ती माझ्यासाठी हवेत. मी हात हलवला, गाडीत बसलो आणि ताठ मानेने निघालो.

वळणाच्या पुढे आल्यावर वडील म्हणाले, "वॉकर घेतलास का रे?"

परत गेलो. वॉकर फुटपाथवर एकटा उभा होता. खिडकीकडे बघायची माझी छाती झाली नाही.

पुढच्या गुरुवारी आलेल्या गठ्ठ्याची सुतळी मी त्याच संध्याकाळी घरी सोडली. शुक्रवारच्या अंकाच्या समासात तिने लिहिलं होतं: 'ती खूण बरोबरची नव्हती. मी वॉकरकडे बोट दाखवत होते. झाकण मात्र नीट लागलं होतं.'

आणि त्या शेवटच्या वाक्यापुढे, कागदावर, लाल पेन्सिलीने, एक लहानशी खूण होती. ती मी भिंगातून पाहिली, वडिलांकडून पाहून घेतली, बायकोला दाखवली. बरोबरचीच आहे. वहीत नोंद केली आहे, वारासकट.